कावडीखालचा तारा

२०२२च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आभाळातून जळती रेघ सरकत गेली आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असं अभ्यासकांचं मत पडलं. त्या रात्री चंद्रपूर-गडचिरोलीत माणसं माना वर करून अंगणात उभी होती. दुसऱ्या रात्री किती जण उभे राहिले?

आभाळातून काही पडलं तरच वर बघायचं, ही सवय चांगली नव्हे. तिथे काही तारे ठरलेल्या दिवसांनी फुगतात, आकसतात, उजळतात, फिके पडतात. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. ते ओळखायला दुर्बीणही लागत नाही. लागते ती वही. हा शब्द आज वरचेवर येईल, श्रोत्यांनी सांभाळून घ्यावं.

श्रवण नक्षत्र सर्वांच्या माहितीचं आहे. मधे ठळक श्रवणबाळ, दोन बाजूंना कावडीत आईबाप. त्या दोघांतला जो फिका, दक्षिणेकडचा, त्याच्यापासून हात लांब करून तीन बोटं आणखी दक्षिणेला गेलं की एक साधासा तारा सापडतो. गरुड तारकासमूहातला हा ईटा. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, संध्याकाळी सात-साडेसातला तो चंद्रपुरात डोक्याच्या जरा दक्षिणेला असतो. सात दिवस आणि चार तासांत त्याचा एक फेरा पुरा होतो. अगदी फिका असताना जेवढा प्रकाश मिळतो, त्याच्या दुपटीहून जास्त तो उजळल्यावर मिळतो. चढायला सव्वादोन दिवसांच्या आसपास, उतरायला जवळजवळ पाच. आणि उतरतानाही मधे जरा रेंगाळतो.

हे इंग्लंडमधल्या यॉर्क गावात एडवर्ड पिगटच्या लक्षात आलं, सप्टेंबर १७८४मध्ये. पुढच्याच महिन्यात त्याचा शेजारी जॉन गुडरिक याला वृषपर्वातल्या डेल्टा ताऱ्यात असाच बदल दिसला. त्याचा फेरा ५ दिवस ९ तासांचा. गुडरिक बहिरा होता आणि एकविसाव्या वर्षीच गेला. तारा शेजारच्या ताऱ्यांशी ताडायचा आणि लिहून ठेवायचा, ही या दोघांची रीत. तीच वही.

आता हे तारे का धपापतात? आपला धानाचा मुलूख, तेव्हा भाताचा गंजच घेऊ. आधण आलं की वाफ झाकण उचलते, फटीतून निसटते, झाकण खाली बसतं, वाफ पुन्हा कोंडते. ताऱ्यात हे काम पृष्ठभागाखालचा हेलियमचा थर करतो. तारा आकसला की तो थर दाबला जाऊन तापतो, हेलियमच्या अणूचा उरलेला दुसरा इलेक्ट्रॉनही सुटतो आणि थर अपारदर्शक होतो. आतून येणारी उष्णता तिथे अडते, दाब वाढतो, वरचे थर बाहेर ढकलले जातात. तारा फुगला की हा थर निवतो, इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंना चिकटतात, थर पारदर्शक होतो, कोंडलेली उष्णता निघून जाते आणि आधार सुटलेले वरचे थर आत कोसळतात. कोंडण्या-सोडण्याची ही कल्पना आर्थर एडिंग्टन यांची. त्यात हेलियमचा वाटा किती, हे १९५०च्या दशकात रशियाच्या झेवाकिन यांनी दाखवलं.

गंजाचं झाकण वेगळं असतं, इथे ताऱ्याचाच एक थर झाकण होतो, एवढा फरक ध्यानात ठेवावा. आणि चुलीतला जाळ, म्हणजे गाभ्यातली आग, या सगळ्या उचल-बसमध्ये तशीच राहते. हे नेमकं निसटतं, म्हणून पुन्हा सांगायचं: आग कमी-जास्त होत नाही, झाकण हलतं.

दुसरं निसटणारं म्हणजे, तारा सर्वात मोठा असतो तेव्हा सर्वात तेजस्वी असतो असं वाटतं. तसं नसतं. तापमानाचा हिशेब आकारापेक्षा भारी पडतो, म्हणून फुगण्याच्या वाटेवर असतानाच तो सर्वात जास्त झळकतो. ईटा हा पिवळा महाराक्षस तारा आहे. त्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे पन्नास-पंचावन्नपट, तेज हजारो पट, तापमान मात्र सरासरीनं सूर्याच्याच आसपास.

गंज अजून उतरवायचा नाही. लग्नाच्या पंगतीच्या गंजाचं जड झाकण सावकाश उचलतं, दोघांपुरत्या भाताचं भराभर टकटकतं. ताऱ्यांचंही असंच निघालं. हार्वर्डच्या हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ साली धाकट्या मॅजेलन मेघातल्या २५ ताऱ्यांवरून दाखवलं की फेरा जितका लांब, तितका तारा मुळात तेजस्वी. मग फेऱ्यावरून खरं तेज काढायचं, दिसणाऱ्या तेजाशी ताडायचं, की अंतर हाती येतं. १९२३मध्ये एडविन हबल यांना देवयानीत असा एक तारा सापडला आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे त्यावरून ठरलं. अढळपद मिळालेला ध्रुवसुद्धा याच जातीचा, चार दिवसांना जरा कमी इतका त्याचा फेरा. पण त्याचा बदल इतका बारीक की डोळ्यांनी कळत नाही. त्याच्या नादी लागू नये.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे या अभ्यासकांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आंध्रातल्या सुमारे १५ गोंड गावांत फिरून तिथल्या लोकांचं आकाश टिपून घेतलं. २०१३मध्ये ते छापून आलं. सप्तर्षींच्या चौकोनात म्हातारीची खाट, शेपटीत ती चोरायला आलेले तीन चोर, मृगात नांगर. इतकं आभाळ तोंडपाठ असलेल्या मुलखात एखाद्या म्हाताऱ्याला कावडीखालचा तारा बदलताना दिसलाच नसेल, असं कसं म्हणावं? दिसला असला तरी तो सांगणाऱ्याबरोबर गेला. वही नव्हती.

जेसोरच्या खजिन्यात नाणी मोजणारे कारकून राधागोविंद चंद्र यांच्याकडे ती होती. कचेरीचं काम सांभाळून त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांवर नोंदी केल्या आणि अमेरिकेतल्या निरीक्षक संघाकडे पाठवल्या. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हौशी मंडळींना आकाश दाखवते आहे. नागपूरकडच्या पेंचला २०२४च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आणि भामरागड, एटापल्ली, कुरखेड्याचा अंधार? तो वापराविना पडून आहे. चंद्रपूर शहराला वीज केंद्राच्या दिव्यांची आणि धुराची सबब तरी आहे, गडचिरोलीच्या गावांना तीही नाही. वाघाची सबब मात्र खरी. म्हणून कोणी रानात जाऊ नये, घराचं अंगण किंवा छत पुरतं.

तिमिंगलातल्या मीरेबद्दलही बोलायचं होतं. ३३२ दिवसांचा फेरा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा तारा महिनोन् महिने दिसेनासाच होतो. १५९६मध्ये डेव्हिड फाब्रिसियसनं तो पाहिला, आणि पुढे तर... पण घड्याळ परवानगी देत नाही. ईटाचंच पुरं करू.

कावडीतला फिका तारा म्हणजे बीटा, त्याची प्रत ३.७. ईटाच्या पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, डेल्टा, प्रत ३.४. नैर्ऋत्येला आयोटा, ४.४. आकडा मोठा तितका तारा फिका, हे ठाऊकच आहे. ईटा उजळला की डेल्टाच्या जवळ जातो, मंदावला की आयोटाशी बरोबरी करतो. रोज रात्री वहीत एकच ओळ: तारीख, वेळ, आणि ‘बीटापेक्षा फिका, आयोटापेक्षा ठळक’ असं जे दिसेल ते. कालची ओळ आधी वाचायची नाही, नाहीतर डोळा तिचंच ऐकतो. ढग असले तर ‘ढग’ असं लिहायचं.