कार्ल्सबर्ग : एका विरजणाची गोष्ट



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून भेटेल तो स्नेही आम्हांला एकच प्रश्न विचारीत आहे : "परदेशी जाऊन तुम्ही पाहिलेत काय, तर बिअरचा कारखाना?" या प्रश्नात थट्टा आहे, तसा थोडा निषेधही आहे. तो निषेध आम्ही अस्थानी मानीत नाही. व्यसनापायी बसलेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. तेव्हा मद्याचे गोडवे गाण्यासाठी आम्ही येथे उभे नाही, एवढे आरंभीच सांगतो. आम्ही गेलो होतो ते डेन्मार्कच्या राजधानीतील, कोपनहेगनमधील, कार्ल्सबर्गचे संग्रहालय पाहावयास. आणि परतलो ते एका वेगळ्याच विचारात पडून.

या जागी पहिली बिअर तयार झाली ती १८४७ साली. २००८ पर्यंत मोठा कारखाना येथेच चालू होता; पुढे तो दुसऱ्या गावी हलला आणि विटांच्या जुन्या इमारती पाहुण्यांसाठी राहिल्या. आत शिरण्यापूर्वीच आम्ही थबकलो. १९०१ साली बांधलेल्या एका दरवाजाचा मनोरा चार दगडी हत्तींनी पाठीवर पेलला आहे, आणि त्या हत्तींच्या झुलींवर चक्क स्वस्तिक! आपल्या उंबरठ्यावरचे शुभचिन्ह इतक्या दूर भेटल्यावर कोणाला आनंद होणार नाही? नव्या कार्ल्सबर्गची ती खूण होती. नाझी राजवटीने ते चिन्ह बदनाम केल्यावर कंपनीने आपल्या मालावरून ते काढून टाकले. हत्तींच्या अंगावर मात्र ते राहिले आहे.

कारखान्याचे संस्थापक जे. सी. याकोबसेन. टेकडीवर कारखाना काढला आणि कार्ल या आपल्या लहानग्या मुलाचे नाव त्याला दिले. कार्लची टेकडी, म्हणून कार्ल्सबर्ग. बिअरची कृती ऐकावयास सोपी आहे. जवाला मोड आणावयाचे, ते वाळवून, भरडून ऊन पाण्यात मुरवावयाचे, हॉप नावाच्या वेलीच्या फुलांसह तो रस उकळावयाचा आणि निवल्यावर त्यात यीस्ट घालावयाचे. येथे आमच्याबरोबरच्या भगिनींनी चटकन ओळखले : "म्हणजे विरजणच की!" अगदी बरोबर. विरजण बिघडले की दही बिघडते, तसेच हे. १८४५ साली याकोबसेन म्युनिकहून उत्तम यीस्ट घेऊन आले. वाटेत प्रत्येक थांब्यावर उतरून ते त्या डब्यावर गार पाणी ओतीत, असे सांगतात. बाळंतिणीचीही एवढी काळजी कोणी घेतली नसेल!

पण सांभाळलेले विरजणही कधी नासतेच. का नासते, हे कोणाला ठाऊक नव्हते. पाश्चरच्या संशोधनाने प्रभावित होऊन याकोबसेन यांनी १८७५ साली कारखान्यातच प्रयोगशाळा काढली. तेथे एमिल हान्सेन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, चांगल्या यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळते आणि घात करते. मग एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून निर्भेळ यीस्ट वाढविण्याची रीत त्याने बसविली. १८८३ साली ते कारखान्यात वापरलेही गेले.

आता श्रोतेहो, खरी गोष्ट येथे आहे. असे गुपित हाती आलेला व्यापारी काय करील? तिजोरीत ठेवील. याकोबसेन यांनी ते यीस्ट आणि ती रीत इतर कारखानदारांना मोकळ्या हाताने देऊन टाकली. शेजारणीने वाटीभर विरजण मागितले तर आपल्या घरातील गृहिणी 'नाही' म्हणत नाही. वाटी दिल्याने आपले दही कमी होत नाही, हे तिला ठाऊक असते. ज्ञानाचेही तसेच आहे. पण नफ्यातोट्याच्या वहीपुढे बसून हे ओळखणारे थोडे.

याच प्रयोगशाळेत केल्डाल यांनी १८८३ साली नायट्रोजन मोजण्याची पद्धत शोधली. धान्यातील प्रथिने तिच्या साहाय्याने मोजता येऊ लागली. १९०९ साली सोरेनसेन यांनी आम्लता मोजण्याची पट्टी दिली. आपला शेतकरी माती तपासून आणतो आणि कागदावर 'सामू' किती आला ते पाहतो. तो सामू हाच. सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यातील ते विरजण असे आपल्या बांधापर्यंत येऊन पोहोचले आहे.

घरात मात्र विरजण नासले होते. बाप आणि लेक यांचे पटेना. मुलाने शेजारीच निराळा कारखाना थाटला, आणि मधल्या एका रस्त्याला दोघांनी दोन नावे देऊन आपापल्या पाट्या लावल्या, असे सांगतात. त्या रस्त्यावर उभे असताना आम्हांला आपल्याकडील भाऊबंदकीची आठवण झाली. पुढे समेट झाला, आणि १८८७ साली वडील रोम येथे वारले. त्यांनी आपला कारखाना मुलाला नव्हे, तर १८७६ साली स्वतःच विज्ञानासाठी स्थापिलेल्या निधीला दिला. आश्चर्य असे की, मुलानेही १९०२ साली आपला कारखाना त्याच निधीच्या स्वाधीन केला! भांडण दोघांचे, दान मात्र एका वाटेचे. समुद्रकाठी बसलेली जी जलपरी पाहावयास प्रवासी गर्दी करतात, तीही १९१३ साली या कार्लनेच नगराला दिली. बापाचा वाडा गुणवंतांच्या निवासासाठी ठेवला होता. नील्स बोर तेथे १९३२ पासून अखेरपर्यंत राहिले.

तर मग दानाने मद्याचा दोष धुऊन निघतो काय? आम्हांला तसे वाटत नाही. पेल्याने ज्याचे घर बुडाले, त्याला प्रयोगशाळेचे कौतुक सांगून काय उपयोग? तो हिशेब वेगळाच मांडला पाहिजे. परंतु दुसराही एक हिशेब आहे, आणि तो आपला आहे. आपल्याकडे साखरेचे कारखाने आहेत, मद्यार्काचे आहेत, दुधाचे आहेत, इतर सोज्ज्वळ व्यवसायही पुष्कळ आहेत. त्यांतील किती जणांनी आपल्या दाराशी एखादी प्रयोगशाळा उभी करून, तिच्यात सापडलेले शेजाऱ्याला वाटले? बिअर करणाऱ्याला जे सुचले, ते दूध विकणाऱ्याला सुचू नये काय?

संग्रहालयातून निघताना पाहुण्यांसाठी पेला भरलेला होता. आमच्यापैकी कोणी घेतला, कोणी तसाच ठेवला. त्याची चर्चा येथे नको. विरजणाची वाटी मात्र आम्ही सर्वांनीच बरोबर आणली आहे. ती आज आपणांपुढे ठेवली.