मार खाल्लेलं मूल काय शिकतं?

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सकाळी मी विचारलं, लहानपणी घरी कोणाकोणाला मार बसलाय? जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले आणि सगळे हसले. अब्बांचा पट्टा, अम्मीचं लाटणं, उस्तादांची छडी, हे किस्से आपण ईदला एकत्र जमलो की हसत हसत सांगतो. "मार खाल्ला म्हणून तर सुधारलो," असंही म्हणतो. मला आज याच वाक्याबद्दल बोलायचं आहे.

माझीच गोष्ट सांगते. माझा मुलगा सातवीत होता. गणिताच्या चाचणीत २०पैकी ४ गुण मिळाले. पेपरवर त्यानं माझी सही स्वतःच ठोकली. मला कळलं तेव्हा मी त्याला दोन थपडा मारल्या. मार्कांसाठी नाही, खोटेपणासाठी, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यानं कान पकडले, माफी मागितली. मला वाटलं, विषय संपला.

चार महिन्यांनी एका रात्री तो झोपेत कण्हत होता. पाहते तर मनगट सुजलेलं. दोन दिवसांपूर्वी मित्राच्या सायकलवर डबलसीट जाताना पडला होता. डबलसीट जायचं नाही असं मी बजावलं होतं, म्हणून दोन दिवस लांब बाह्यांचा शर्ट घालून फिरत होता. एक्स-रे काढला, हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "अम्मीला का नाही सांगितलंस?" त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

माझ्या थपडांनी तो खरं बोलायला शिकला नव्हता. नीट लपवायला शिकला होता.

त्या दिवशी मनगट होतं. उद्या कोणी मोबाइलवरून धमकावत असेल, ओळखीचाच कोणी नको तिथे हात लावत असेल, तेव्हाही मूल हाच हिशोब करणार की सांगितलं तर मलाच मार पडेल. मुलींच्या बाबतीत तर फोन काढून घेतील, शाळा बंद करतील, ही भीती वर असते. म्हणून ती गप्प राहते. आपल्या धाकाचा फायदा नेमका त्रास देणाऱ्याला होतो.

काही जण धर्माचा दाखला देतात. दहा वर्षांचं मूल नमाज पढत नसेल तर मारा, ही हदीस पुढे करतात. त्या बाबतीतही इजा होऊ नये, तोंडावर मारू नये, अशा कडक मर्यादा उलेमांनी घातल्या आहेत, हे सांगायचं राहून जातं. हजरत अनस लहान वयात पैगंबरांच्या सेवेत आले. दहा वर्षांत पैगंबर आपल्याला कधी 'उफ्' सुद्धा म्हणाले नाहीत, असं त्यांनी सांगितलं आहे. पैगंबरांनी कधी कुणा स्त्रीवर वा नोकरावर हात उगारला नाही, असं हजरत आयेशा सांगतात. सुन्नतवर चालायचं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. शिक्षकानं छडी मारली तर आपण शाळेत जाऊन भांडतो. घरासाठी तशी थेट बंदी नाही. तिथला कायदा आपणच करायचा आहे.

मग शिस्त नकोच का? हवी. नुसते लाड म्हणजे संगोपन नव्हे. मी ज्या चार गोष्टी शिकले, त्या सांगते.

एक, नियम थोडे असावेत, आधी सांगावेत आणि सगळ्यांना लागू असावेत. जेवताना मोबाइल नाही, तर अब्बांच्याही हातात नाही. बहीण ताटं उचलते, तर भावानंही उचलायची.

दोन, शिक्षा चुकीशी जोडलेली असावी. सांडलं तर पुसायचं, मोडलं तर भरून द्यायचं. जेवण बंद, अबोला, पाहुण्यांसमोर अपमान ही शिस्त नाही, तो सूड आहे.

तीन, रागात निर्णय नको. राग आला आणि उभे असाल तर बसा, ही शिकवण हदीसमध्येच आहे. "मला आत्ता राग आलाय, आपण चहानंतर बोलू," असं मुलाला सांगण्यात कमीपणा नाही.

चार, आपण चुकलो तर माफी मागायची. दवाखान्यातून परतताना रिक्षात मी मुलाला म्हटलं, "मी तुला मारायला नको होतं. यापुढे खरं सांगितलंस तर मार बसणार नाही." हे नुसतं बोलून भागत नाही, पाळावं लागतं.

तुमच्यापैकी बरेच जण अजून आईबाप झालेले नाहीत. पण तुम्ही घरातले भाईजान आहात, आपा आहात. धाकट्या बहिणीचा फोन तपासणारा, तिच्यावर हात उगारणारा भाऊ बहुतेकदा स्वतः मार खाल्लेलाच असतो. ही साखळी तुम्ही तोडू शकता. घरात कोणी मोठं माणूस मारत असेल तर मुलाला आधी बाजूला घ्या. भांडण मुलांसमोर नको. नंतर एकट्यात म्हणा, "अब्बा, मला तुमची फार भीती वाटायची. याला वाटू नये, एवढंच." फार बिघडलं असेल तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. तो नंबर पाठ करा, मुलांनाही पाठ करून द्या.

प्लास्टर निघाल्यावर काही महिन्यांनी मुलगा क्रिकेट खेळून घरी आला आणि दारातच म्हणाला, "अम्मी, शेजारच्या खालांची काच फुटली. माझ्याच हातून." मला राग आला होता. मी आधी बसले, पाणी प्याले. मग आम्ही दोघं खालांकडे गेलो. माफी त्यानंच मागितली, काचेचे पैसे त्याच्या ईदीतून गेले. त्याला रडू आलं, पण त्यानं काही लपवलं नाही.

मला एवढंच हवं होतं.