उत्तरपत्रिका परत देताना



 अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकं आणि प्रश्नपत्रिकेचं स्वरूप यांवर आपण गणित शिक्षक या अधिवेशनात दरवर्षी पोटतिडकीने बोलतो. आज मी रोजच्या वर्गातला एक प्रसंग चर्चेला घेणार आहे. चाचणीच्या उत्तरपत्रिका आपण वाटतो, मुलं गुण बघतात आणि पुढच्या काही मिनिटांत प्रत्येक मूल स्वतःबद्दल एक निष्कर्ष काढतं. तो निष्कर्ष कशावर ठरतो आणि त्यात आपला वाटा किती, हा माझा विषय आहे.

समजा, दोन मुलींना चाळीसपैकी अकराच गुण मिळाले. एक म्हणते, "मला गणिताचं डोकंच नाही." ती पेपर घडी घालून दप्तराच्या तळाशी ठेवते आणि घरी दाखवत नाही. दुसरीलाही वाईट वाटतं, पण ती शेजारणीला विचारते, "तिसऱ्या प्रश्नात समीकरण कसं मांडलंस गं?" गुण सारखे, पुस्तक तेच, शिकवणारीही तीच. तरी वर्षअखेरीस या दोघी फार वेगळ्या ठिकाणी पोचलेल्या असतात.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी या फरकाचा अनेक दशकं अभ्यास केला. २००६ मध्ये आलेल्या 'माइंडसेट' या पुस्तकामुळे त्यांचे शब्द जगभर पोचले. बुद्धी जन्मतः ठरलेली असते आणि ती फारशी बदलत नाही, या समजुतीला त्या 'फिक्स्ड माइंडसेट' म्हणतात. आपण तिला स्थिर मनोवृत्ती म्हणू. योग्य रीत, सराव आणि मदत यांनी क्षमता वाढते, असं मानणं हा 'ग्रोथ माइंडसेट', म्हणजे वर्धिष्णू मनोवृत्ती. सगळं सुरळीत चाललेलं असताना या दोन्हींत फरक दिसत नाही. तो दिसतो अपयश आल्यावर. स्थिर मनोवृत्तीच्या मुलाला कमी गुण हा स्वतःवरचा निकाल वाटतो, तर वर्धिष्णू मनोवृत्तीच्या मुलाला त्यांतून पुढे काय करायचं ते कळतं.

हा फरक केवळ बोलण्यापुरता नाही. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या. आधी उत्तर बरोबर की चूक ते सांगितलं जाई, मग बरोबर उत्तर दाखवलं जाई. बुद्धी स्थिर मानणाऱ्यांचं लक्ष 'बरोबर की चूक' यावरच अधिक खिळलेलं होतं. नंतर दाखवलेलं बरोबर उत्तर त्यांनी तितकं मनात उतरवलं नाही. तेच प्रश्न अचानक पुन्हा विचारले, तेव्हा त्यांना आपल्या चुका इतरांपेक्षा कमी सुधारता आल्या. आपण फळ्यावर पेपर सोडवून दाखवतो, तेव्हा वर्गातली काही मुलं समोर बघत असूनही ऐकत का नसतात, याचं एक उत्तर इथे मिळतं. त्यांच्या लेखी निकाल लागून गेलेला असतो.

ही समजूत येते कुठून? बऱ्याचदा आपल्या कौतुकातून येते. क्लॉडिया म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना "तू हुशार आहेस" असं सांगितलं, काहींना "तू छान मेहनत घेतलीस" असं. मग सर्वांना मुद्दाम अवघड कोडी दिली आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी. बुद्धीचं कौतुक झालेल्या मुलांची कामगिरी अपयशानंतर घसरली. मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवायचे होते, तेव्हा हुशार म्हटलेल्या दहांपैकी जवळजवळ चौघांनी ते वाढवून सांगितले. हुशारीचा शिक्का टिकवण्यासाठी मुलं खोटं बोलली. म्हणून स्थिर मनोवृत्तीचा त्रास फक्त मागच्या बाकावरच्या मुलांना होतो, असं समजू नका. दहावीला नव्वद टक्के मिळवून अकरावी विज्ञानाला गेलेला मुलगा पहिल्या चाचणीत आपटतो आणि कुणाला काही विचारतही नाही, कारण विचारलं तर हुशारी गेली असं त्याला वाटतं.

ड्वेक यांनी स्वतःच्या शाळेची एक आठवण सांगितली आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्या सहावीत असताना त्यांच्या बाई मुलांना बुद्ध्यांकाच्या क्रमाने बसवत. झेंडा धरण्यासारखी मानाची कामंही वरच्या बुद्ध्यांकाच्या मुलांनाच मिळत. हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटायला नको. गुण बघून तुकड्या पाडणाऱ्या शाळा आपल्याकडे आजही आहेत. 'अ' तुकडीला अनुभवी शिक्षक मिळतो आणि शेवटच्या तुकडीला जो मोकळा असेल तो. त्या तुकडीतल्या मुलाला स्थिर मनोवृत्ती वेगळी शिकवावी लागत नाही. वर्गाच्या दारावरच्या पाटीवर ती लिहिलेली असते.

आपल्या परंपरेत या दोन्ही समजुती शेजारी शेजारी नांदतात. वाळू रगडून तेल काढण्याचा दाखला आपण प्रयत्नाचा महिमा म्हणून मुलांना देतो. तो भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाच्या वामन पंडितांनी केलेल्या मराठी रूपातून आला आहे. पण तो श्लोक शेवटपर्यंत वाचला तर आशय उलटा निघतो. वाळूतून तेल निघेल एक वेळ, पण हट्टी मूर्खाचं मन वळवता येणार नाही, असं कवीला म्हणायचं आहे. आपण पहिला भाग फळ्यावर लिहितो आणि कठीण मुलाशी वागताना शेवटचा भाग आचरणात आणतो.

याच परंपरेतलं दुसरं उदाहरण आपल्या व्यवसायाला अधिक जवळचं आहे. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. लहान असताना ते मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैल पायी चालत गेले. पावसाळ्याचे दिवस होते, वाटेत घाट होता. तिथे पोचल्यावर अधिकाऱ्यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हा मुलगा पुरेशा वयाचा दिसत नाही असं ठरवलं आणि परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे कोल्हापुरात त्यांनी ती परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून त्यांनी गणित घेऊन पदवी मिळवली. कर्व्यांची चिकाटी थोर होतीच. पण मला या हकिकतीत दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची वाटते. साताऱ्याच्या त्या खोलीत एका मुलाची पात्रता चेहऱ्यावरून ठरली होती, आणि तो परत उभा राहू शकला कारण परीक्षा पुन्हा देण्याची सोय होती. ती सोय नसती तर चिकाटीचं काय झालं असतं?

चेहरा, गाव, आडनाव, आईवडिलांचं शिक्षण यांवरून मुलाची कुवत ठरवण्याचा मोह आजही सुटलेला नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात दीडशे प्राध्यापक आणि पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थी यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धी स्थिर असते असं मानणाऱ्या विज्ञान-गणिताच्या प्राध्यापकांच्या वर्गांत, वर्णामुळे मागे ठेवल्या गेलेल्या गटांतील विद्यार्थी आणि इतर यांच्या गुणांतली दरी दुपटीपर्यंत मोठी आढळली. घरातलं पहिलंच मूल दहावीपर्यंत पोचलं आहे, अशी कितीतरी कुटुंबं आपल्या शाळांत आहेत. आपल्या मनातल्या समजुतीची किंमत ती मुलं मोजतात.

आणि गणितात ही समजूत दयेचं रूप घेऊन येते. "असू दे, गणित सगळ्यांनाच जमतं असं नाही. तू भाषेत चांगली आहेस." हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो. अनिता रतन, कॅथरीन गुड आणि ड्वेक यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की असं सांत्वन ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांचा उत्साह कमी होतो आणि आपल्याला पुढेही कमीच गुण मिळतील असं ते धरून चालतात. शिक्षकाने आपल्यावरची आशा सोडली, हे मुलाला त्या गोड वाक्यातूनही बरोबर कळतं.

आता या विचाराच्या मर्यादाही सांगायला हव्यात. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा मनोवृत्ती आणि गुण यांचा संबंध एकंदरीत क्षीण आढळला. इंग्लंडमध्ये शाळांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये अहवाल आलेल्या मोठ्या चाचणीत वर्धिष्णू मनोवृत्ती रुजवण्याच्या कार्यक्रमामुळे मुलांची जास्त प्रगती झाल्याचं दिसलं नाही. त्याच वर्षी 'नेचर'मध्ये अमेरिकेतल्या बारा हजारांहून अधिक नववीच्या मुलांचा अभ्यास आला. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठाने कमी गुणांच्या मुलांना थोडा पण खरा फायदा झाला होता. पुढे याच अभ्यासातून एक मोलाची गोष्ट कळली: ज्या वर्गांत गणिताच्या शिक्षकाची स्वतःची मनोवृत्ती वर्धिष्णू होती, तिथे हा परिणाम टिकला, जिथे नव्हती, तिथे तो दिसला नाही.

माझ्या भाषणाचं सार यात आहे. मुलांना "मनोवृत्ती बदला" असं सांगून भागत नाही. मूल चुकल्यावर त्याला परत येण्याची वाट वर्गात असावी लागते आणि ती वाट शिक्षकालाच करावी लागते. भिंतीवर सुविचार लावला आणि तुकड्या तशाच ठेवल्या, तर मूल तुकडीवर विश्वास ठेवतं. वाईट म्हणजे, मग अपयशाचा दोष त्याच्याच मनोवृत्तीवर टाकायला आपण मोकळे होतो. ज्या मुलीला घरी अभ्यासाला जागा नाही आणि शाळेआधी पाणी भरायचं आहे, तिला मनोवृत्तीचा उपदेश करणं हा अन्याय आहे.

नुसत्या मेहनतीचा जयघोषही पुरेसा नाही. देवगिरीच्या यादवकाळातला वैयाकरण बोपदेव लहानपणी मंद होता, विहिरीच्या दगडावर दोराने पडलेले चरे पाहून तो अभ्यासाला लागला, अशी आख्यायिका आपण मुलांना सांगतो. तिच्यातून मुलं घासत राहण्याचा धडा घेतात. पण जे मूल १/२ + १/३ = २/५ असं लिहितं, त्याने अशी शंभर गणितं सोडवली तर चूक पक्की होईल, सुटणार नाही. त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. म्हणजे त्याची स्वतःची एक रीत आहे आणि तो ती प्रामाणिकपणे वापरतो आहे. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला तर अर्ध्याहून कमी कशी होईल, हे त्याच्याकडूनच वदवून घेतलं, तर चूक कुठे झाली ते त्याचं त्यालाच दिसतं. वर्धिष्णू मनोवृत्ती मुलात रुजते ती अशा क्षणी.

म्हणून माझ्या काही ठोस सूचना आहेत.

पहिली, उत्तरपत्रिकेवर आधी शेरा द्या, गुण नंतर सांगा. इस्रायलमधील संशोधिका रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की फक्त शेरे मिळालेल्या मुलांची पुढची कामगिरी सुधारली. शेऱ्याबरोबर गुणही दिले की शेऱ्याचा फायदा गेला. आकडा दिसला की मूल बाकीचं वाचत नाही. शेरा "अभ्यास कर" असा नको. "मांडणी बरोबर, चौथ्या पायरीत चिन्ह चुकलं" असा हवा.

दुसरी, पेपर वाटल्यानंतरची एक पूर्ण तासिका दुरुस्तीसाठी राखून ठेवा आणि मुलांना जोडीने आपल्या चुका शोधू द्या. तिसरी, शाळेच्या पातळीवर जिथे मुभा आहे तिथे त्याच घटकाची चाचणी पुन्हा घ्या आणि सुधारलेले गुण धरा. बोर्डाची पुरवणी परीक्षा आहे, महाविद्यालयात एटीकेटी आहे. परत येण्याची वाट पाचवी-सहावीपासूनच असायला हवी. चौथी, गुणांवरून तुकड्या पाडणं थांबवा.

शासनाकडेही या व्यासपीठावरून मागणी करते. शिक्षणहक्क कायदा २००९ ने सहावी ते आठवीसाठी पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवलं आहे. साठ-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक चूक वाचणं माणसाला शक्य नाही. रिक्त पदं भरा आणि अशैक्षणिक कामांतून शिक्षकांना मोकळं करा.

मित्रहो, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. प्रत्येक मृत्यूमागे परीक्षाच होती असं नाही. कारणं अनेक आणि गुंतागुंतीची असतात. पण कमी गुण म्हणजे आपण संपलो, असं एकाही मुलाला वाटू नये, ही जबाबदारी आपण नाकारू शकत नाही. अडचणीत सापडलेलं मूल सर्वांत आधी ज्या मोठ्या माणसासमोर उभं राहतं, ते अनेकदा आपणच असतो.

तेव्हा माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे. येत्या घटक चाचणीपासून सुरुवात करा. वर्गात सर्वांत कमी गुण मिळालेल्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवर सर्वांत जास्त वेळ द्या, त्याची चूक नेमकी कुठे आहे ते त्याला दाखवा आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न त्याला पुन्हा सोडवू द्या. त्याला तो सुटेल, यावर आधी आपण विश्वास ठेवूया.

जय हिंद, जय महाराष्ट्र!