वाड्याबरोबर चालणारा पोरगा



दिवाळी सरली की माण, खटाव, फलटणकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरती बिऱ्हाडं, पश्चिमेची वाट धरतात. जेमतेम 500 मिलिमीटर पावसाच्या त्या पट्ट्यात चारा विरळ झालेला असतो आणि घाटाखाली, कोकणात, भात कापून खाचरं मोकळी होत असतात. तट्टांवर लादलेला संसार, बायका, लहानगी मुलं, कुत्री आणि कळपासोबत एखादा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे. तुमच्या हाती थोड्या वेळात पशुवैद्यकाच्या पदवीचा कागद पडेल. त्याच्याजवळ असा कागद कधीच नसतो, आणि तरीही वाटेवरच्या प्रत्येक नव्या शिवारात त्याला आपला भरवसा पटवून द्यावा लागतो.

शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंड्या आणि मूत जमिनीला मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. सगळा व्यवहार तोंडी. शेजारी दुसऱ्याची ज्वारी उभी असते आणि मालक घरी झोपलेला असतो. कळपाभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावलेली असली, तरी राखण त्या पोराचीच. मेंढ्या पिकात शिरल्या तर ते रान पुढच्या वर्षी बंद होईल, कदाचित मागून येणाऱ्या वाड्यालाही. आपल्या झोपेची किंमत आपल्याला ओळखतही नसलेल्या माणसाला मोजावी लागेल, हे त्याला त्या वयात कळतं. मोठमोठ्या पदांवरची माणसं हे विसरलेली मी पाहिली आहेत.

मात्र त्याची खरी परीक्षा संध्याकाळी, पिल्लं सोडताना असते. दिवसभर कळप रानात आणि कोकरं वाड्यावर. मेंढ्या परतल्या की एकच कालवा उठतो. आई वासावरून आपलं पोर ओळखते, पोर आवाजाच्या रोखानं धावतं, तरी काही चुकतात, काही आया लाथाडतात. एखादं कोकरू पोरकं असतं. त्याला दुसऱ्या मेंढीला लावायचं म्हणजे तिला धरून ठेवायचं, तिच्या पोराचा वास याला लागेल असं बघायचं, रोज, ती मान वळवणं थांबवेपर्यंत. घाई केली तर मेंढी बिथरते, कंटाळा केला तर कोकरू मरतं. हे काम बहुतेक वेळा घरातल्या बाया करतात आणि पोरगा त्यांच्याकडूनच शिकतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत या बायांना जवळजवळ जागाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

या मेंढपाळांकडे नीट पाहणारं विज्ञानही आपल्याकडे आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ या लहानखुऱ्या मेंढीतलं जुळं देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ उभी राहिली. मला या कामात सर्वांत मोठी वाटते ती एक गोष्ट: संशोधक संस्थेच्या गोठ्यात थांबले नाहीत, मेंढपाळांच्या कळपांत गेले. कारण जुळं जन्माला घालणं जनुकाच्या हाती असलं, तरी दोन्ही पिल्लांना पुरेसं दूध मिळेल हे पाहणं वाड्यावरच्या माणसांच्याच हाती असतं. जर्मनीहून आलेले अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनीही याच लोकांत बसून त्यांच्या ओव्या ऐकल्या, बिरोबा-म्हस्कोबा या त्यांच्या दैवतांच्या कथा समजून घेतल्या, तेव्हा कुठे त्यांचं लेखन झालं.

आता तुमच्या कामाकडे येतो. पावसाळ्याच्या तोंडाशी वाडे घाट चढून परततात. कोकणातल्या ओलीत मेंढीचे खूर कुजतात, ती आजारी पडते, म्हणून थांबून चालत नाही. वर आल्यावर पहिल्या पावसाचं कोवळं गवत भसाभसा खाल्लं की आंत्रविषाराचा धोका असतो. लस त्याआधी टोचायला हवी. म्हणजे ज्या दिवसांत लस हवी, नेमक्या त्याच दिवसांत कळप रस्त्यावर असतो. आपले दवाखाने गावांच्या हद्दींनी बांधलेले. वाड्याचं गाव मागं राहिलेलं, पुढचं गाव म्हणतं हे आमचे नाहीत. पोरगा कालच्या गावात उधारीवर औषध घेतो, आजच्या गावात त्याच मेंढीला दुसरंच औषध मिळतं, आणि कुठल्याच वहीत त्या कळपाची नोंद राहत नाही. पीपीआरसारखा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग 2030 पर्यंत जगातून नाहीसा करायचं ठरलं आहे. तो रोग हद्द विचारून येत नाही, आणि फिरता कळप वगळून तो जाणारही नाही.

तुमच्यापैकी काही जण भोर, महाड, पाटणच्या बाजूला नेमले जातील. पहिल्याच वर्षी शेतकऱ्यांकडून एवढं विचारून घ्या: दरसाल तुमच्या रानात कुणाचा वाडा बसतो, कोणत्या महिन्यात येतो, किती दिवस राहतो. त्यावरून वाटांचा नकाशा करा आणि घाटापलीकडच्या दवाखान्यातल्या तुमच्या वर्गमित्राला पाठवा. लसीची तारीख कार्डावर लिहून ते वाड्यावरच्या बाईच्या हाती द्या, म्हणजे पुढच्या डॉक्टरला ती दिसेल. आणि लस टोचायला जाल तेव्हा पहाटे जा. कळप एकदा चरायला सुटला, की संध्याकाळपर्यंत तो पोरगा तुम्हाला सापडायचा नाही.