शितावरून भाताची परीक्षा



आज मी तुम्हाला विलायतेची, म्हणजे ब्रिटनची, एक गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट राजाराणीची नाही. ती साध्या मतदाराची आहे.

ब्रिटनमध्ये १८७२ सालापर्यंत मत उघड द्यावे लागे. मतदार चारचौघांसमोर उभा राही आणि उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगे. कारकून ते वहीत लिहून घेई. अशा वह्या पुष्कळ ठिकाणी छापून निघत. कोणत्या कुळाने कोणाला मत दिले, हे जमीनदाराला घरबसल्या कळे. मग मनासारखे मत द्यायची कुळाची काय बिशाद! १८७२ साली कायदा झाला आणि मत गुप्त झाले. चिठ्ठीवर खूण करायची, पेटीत टाकायची आणि घरी जायचे. गरिबाला मोठे कवच मिळाले.

पण बघा, एक नवा प्रश्न उभा राहिला. पेटी उघडली की कोण जिंकला ते कळते. लोकांनी त्याला का निवडले, ते मात्र पेटी सांगत नाही. धान्य महाग झाले म्हणून? का बापजाद्यांपासूनचा पक्ष म्हणून? राज्य चालवणाऱ्याला लोकांचे मन कळले नाही, तर तो लोकांचा प्रतिनिधी कसला?

हे मन जाणून घ्यायचे काम विद्वानांनी हाती घेतले. डेव्हिड बटलर हे इंग्रज आणि डोनाल्ड स्टोक्स हे अमेरिकन. १९६३ साली त्यांनी ब्रिटनभर माणसे पाठवली. ती घरोघर गेली. तुमचा पक्ष कोणता, तुमच्या आईवडिलांचा कोणता होता, सरकारने काय करावे असे वाटते, असे त्यांनी विचारले. सांगायची सक्ती कोणावर नव्हती. पुढे निवडणुकीनंतर पुन्हा विचारले. उत्तरांतून काय दिसले? शेतीवाडी जशी वारशाने येते, तसा पुष्कळ घरांत पक्षही वारशाने येत होता. ही पाहणी पुढे दर निवडणुकीला होत राहिली. घराण्याचा पक्ष धरून बसणारे हळूहळू कमी झाले, हेही तिच्यातूनच कळले.

आता कुणी म्हणेल, मतदार साडेतीन कोटींच्या वर आणि विचारले सुमारे २००० जणांना. एवढ्यावरून काय कळणार?

आपल्या आयाबहिणी काय करतात? सगळा भात चाखत नाहीत. एक शीत दाबून पाहतात. पण त्यातही मेख आहे. भात वर कच्चा आणि तळाशी करपलेला असेल, तर वरचे शीत फसवते. म्हणून शहाणी बाई आधी भात ढवळते, मग शीत घेते. माणसांचेही तसेच. जो भेटला त्याला विचारले, असे चालत नाही. मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी नावे काढायची. त्यात श्रीमंत, गरीब, बाई, पुरुष, सर्वांना सारखी संधी हवी.

हे विसरले की काय होते, ते २०१५ साली दिसले. त्या वर्षी निवडणुकीआधी पाहणी करणाऱ्या कंपन्यांनी सांगितले, दोन मोठे पक्ष बरोबरीत आहेत. पेट्या उघडल्या तेव्हा हुजूर पक्षाला ६५० पैकी ३३१ जागा मिळाल्या. मजूर पक्ष १०० मतांमागे ६ हून जास्त मतांनी मागे पडला. सगळे चकित झाले. मग पॅट्रिक स्टर्जिस या प्राध्यापकांच्या मंडळाने चौकशी केली. २०१६ साली त्यांनी मुख्य कारण सांगितले. लोक खोटे बोलले, असे नव्हते. माणसे निवडतानाच चूक झाली होती. टेलिफोनवर आणि इंटरनेटवर जी माणसे सहज सापडली, त्यांच्यात मजूर पक्षाचे लोक प्रमाणाबाहेर होते. त्याच निवडणुकीनंतर विद्वानांची घरोघरची पाहणी झाली. चिठ्ठीत नाव निघालेला माणूस घरी नसला, तर त्याच्याकडे पुन्हा पुन्हा गेले. त्यांचा हिशेब खऱ्या निकालाशी बराच जुळला.

यातला बोध मोठा आहे. जो सहज सापडतो त्याचे मन मोजले जाते. जो रानात, कामावर, दूर वस्तीवर असतो, त्याचे राहून जाते. पुढारी तर या आकड्यांकडे पाहूनच आपली धोरणे आखतात. म्हणजे जो मोजला गेला नाही, त्याचे दुःखही मोजले जात नाही.

आपल्या देशातही अशा पाहण्या होतात. उद्या तुमच्या दारी कोणी वही घेऊन आले, तर आधी विचारा, तुम्ही कोण आणि हे कशासाठी? मत कोणाला दिले ते सांगायचे नसेल, तर सांगू नका. सांगायचे असेल तर खरे सांगा. घरच्या बाईला विचारले, तर तिचे उत्तर तिलाच देऊ द्या. नवऱ्याने मध्ये बोलू नये.

आणि आता तुम्हाला वाचता येते. वर्तमानपत्रात 'अमुक पक्ष जिंकणार' असे छापून आले, की दोन गोष्टी शोधा. किती जणांना विचारले? आणि ते कसे निवडले? पहिलीपेक्षा दुसरी गोष्ट मोठी. भात ढवळला होता का, एवढे पाहा. मगच त्या शितावर विश्वास ठेवा.