घरातील संगणक आणि त्याची मालकी

(ज्युबिलीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सव समितीने आम्हांस ‘संगणक आणि समाज’ हा विषय नेमून दिला आहे. विषय समुद्राएवढा, आणि आमची होडी लहान. यास्तव त्यातील एकाच गोष्टीविषयी बोलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. ती गोष्ट अशी की, जो संगणक आपण कष्टाचे पैसे मोजून घरी आणतो, तो खरोखरी आपला असतो काय? आमचे मत प्रारंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांस ते रुचणार नाही त्यांस वादाची तयारी करावयास अवकाश मिळेल. जे यंत्र उघडता येत नाही, ज्याचा एखादा भाग बिघडला असता तेवढाच काढून दुसरा बसविता येत नाही, ते यंत्र किंमत देऊनही पुरते आपले होत नाही; आणि गेल्या पंधरा-अठरा वर्षांत घरगुती संगणक हळूहळू ह्याच वाटेने चालला आहे.

आम्ही यंत्राचे वैरी आहोत असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरी एखादा चालता संगणक होता त्या घरच्या मुलांचे शिक्षण चालू राहिले, आणि ज्या घरी नव्हता तेथील मुले बापाच्या मोबाईलवर, तो कामावरून परत आला म्हणजे, धडे पाहत बसली. त्या दिवसांत कित्येकांनी माळ्यावरचे जुने संगणक खाली काढले, झाडले, त्यांत नवीन रॅम घातली आणि त्यांस कामास लावले. हे शक्य झाले याचे कारण ते संगणक उघडता येत होते. आजचा माळ्यावरचा लॅपटॉप पुढे अशा प्रसंगी तसा कामी येईल काय, हा आमचा प्रश्न आहे.

थोडे मागे जाऊ. १२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. त्याचे झाकण स्क्रूने बसविलेले होते, आत निरनिराळी कार्डे बसविण्यासाठी पाच खाचा होत्या, आणि कंपनीने त्याच्या विद्युत्-मंडलांच्या आकृत्यांचे पुस्तकच छापून विकावयास ठेवले होते. हे काही कंपनीने औदार्याने केले असे नव्हे. तिला घाई होती, आणि बाहेरच्या लोकांनी आपल्या यंत्रासाठी कार्डे व प्रणाली बनवाव्यात अशी तिची इच्छा होती. परंतु दार एकदा उघडले म्हणजे त्यातून कोण कोण आत येईल हे घरमालकाच्या हाती राहत नाही. दुसऱ्याच वर्षी, १९८२ मध्ये, कॉम्पॅक कंपनीने त्याच तऱ्हेने चालणारा संगणक जाहीर केला, मागोमाग इतर आल्या, आणि किमती उतरू लागल्या. आय. बी. एम.ने पुढे २००५ साली हा धंदा लेनोव्हो कंपनीस विकला. पण तिने उघडलेले ते झाकण उघडेच राहिले.

आपल्याकडे संगणक घरोघर पोचला तो या उघड्या झाकणामुळेच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन एका दुकानातून मदरबोर्ड, दुसऱ्यातून प्रोसेसर, तिसऱ्यातून कॅबिनेट घ्यावे, आणि ओळखीच्या पोराने संध्याकाळी घरी बसून ते सर्व जोडून द्यावे, असा तो काळ होता. अशा ‘असेंबल’ केलेल्या संगणकाला नाव नसे, गाव नसे. पण त्याचा पंखा बंद पडला तर पंखाच बदलत, पॉवर सप्लाय जळला तर तेवढाच नवा आणीत. त्यावर कित्येक तरुणांचे पोट भरले. हा दुरुस्तीचा धंदा विद्यापीठात कोणी शिकविला नाही. तो टेबलाशी उभे राहून, पाहून पाहून लोक शिकले.

मग लॅपटॉप आला. प्रारंभीच्या लॅपटॉपची बॅटरी पाठीमागची खिट्टी सरकविली की हातात येई. २००८ साली ॲपल कंपनीने आपला ‘मॅकबुक एअर’ कागदाच्या पाकिटातून बाहेर काढून दाखविला, आणि बारीकपणाचे वेड साऱ्या धंद्यात शिरले. त्या यंत्राची रॅम मदरबोर्डवर डाख देऊन कायमची बसविलेली होती. २०१२ साली त्याच कंपनीच्या नव्या ‘मॅकबुक प्रो’त रॅम तर डाखलेली होतीच, शिवाय बॅटरीही आतून चिकटवून टाकलेली होती. तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. पुढे त्यांतल्याच कित्येक कंपन्यांनी तीच रीत उचलली.

डाख दिलेल्या रॅमचा घरच्या अर्थव्यवहाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या परिचयातील एका मुलीने महाविद्यालयात प्रवेश घेताना एक हलका, सुबक लॅपटॉप घेतला. रॅम चार जीबी. त्यावेळी तेवढी पुरे असे दुकानदाराने सांगितले, आणि त्यावेळी ती पुरेशी होतीही. दोन वर्षांनी अभ्यासक्रमातील रेखाटनाची प्रणाली तिजवर चालेना. दुरुस्ती करणाऱ्याने लॅपटॉप उघडला, पाहिला, पुन्हा बंद करून परत दिला, आणि पैसेही घेतले नाहीत. पडदा उत्तम, कळफलक उत्तम, प्रोसेसर धड. केवळ रॅमची एक पट्टी लावण्यास जागा नाही, म्हणून तिच्या वडिलांना भिशीचे पैसे उचलून दुसरा लॅपटॉप घ्यावा लागला. पूर्वी जो खर्च गरज पडेल तेव्हा, थोडा थोडा करता येत असे, तो आता सर्व पहिल्याच दिवशी, भविष्य पाहून करावा लागतो. श्रीमंतास हे जड जात नाही. तो पहिल्याच दिवशी बत्तीस जीबीचे यंत्र घेऊन मोकळा होतो. बेताच्या मिळकतीचा मनुष्य मात्र आज परवडते ते घेतो, आणि त्याचीच शिक्षा पुढे दोन-तीन वर्षांनी भोगतो.

निर्मात्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. रॅम प्रोसेसरच्या जितकी निकट व जितकी घट्ट बसविलेली, तितके संकेत स्वच्छ व वेगाने जातात आणि वीज कमी लागते. फ्रेमवर्क नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. ग्राहकाने स्वतः उघडावेत, दुरुस्त करावेत असेच लॅपटॉप ती २०२१ पासून विकते. त्याच कंपनीने २०२५ साली जो मेजावरचा संगणक आणला, त्यात मात्र तिला डाख दिलेली रॅम घालावी लागली, कारण त्यातील प्रोसेसरला लागणारा वेग सुट्या पट्ट्यांनी साधेना. तेव्हा प्रत्येक डाखामागे लबाडीच असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपल्या घरी पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, मुलांचा अभ्यास आणि आखातातील मुलाशी बोलणे एवढेच काम असता, त्या वेगाचे आपणांस करावयाचे काय? शिवाय लेनोव्होने २०२४ च्या आपल्या ‘थिंकपॅड टी१४’मध्ये रॅमच्या दोन खाचा ठेवल्या, बॅटरीही सहज बदलता येईल अशी केली, आणि तरीही तो लॅपटॉप काही शेगडीएवढा जाड झाला नाही. मनात आणले तर होते.

आता आम्ही या विषयाच्या दुसऱ्या आणि आमच्या मते अधिक गंभीर अंगाकडे येतो. यंत्राचे झाकण बंद करण्याचा आणखी एक मार्ग आहे. त्यास डाख लागत नाही की डिंक लागत नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज १०’ ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाहेर आली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचे नियमित संरक्षण थांबले. थांबले म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो पूर्वीसारखाच सुरू होतो; परंतु त्या प्रणालीत जी नवी भोके चोरांना सापडतील, ती बुजविण्याचे काम कंपनीने सोडले. अशा संगणकावरून बँकेचा व्यवहार करणे म्हणजे कडी मोडलेल्या दाराआड दागिने ठेवणे होय. मग लोकांनी पुढची ‘विंडोज ११’ का घालू नये? तिची अट अशी की, संगणकात ‘टीपीएम २.०’ ही, गुप्त किल्ल्या जपून ठेवणारी व्यवस्था असली पाहिजे, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो, काही थोडे अपवाद वगळता, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असला पाहिजे. आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. अर्थात् ज्याने २०१७ च्या उन्हाळ्यात सातव्या पिढीचा चांगला, महागडा संगणक घेतला, तो त्याच्या कोणत्याही भागात बिघाड नसता पंक्तीबाहेर बसविला गेला.

किल्ल्या स्वतंत्र व सुरक्षित जागी ठेवणे शहाणपणाचे आहे, यात वाद नाही. आमचा आक्षेप असा की, धडधाकट यंत्र म्हातारे झाले हा निवाडा त्याच्या मालकाने करावयाचा की दूरच्या कोणी? ओरड झाल्यावर घरगुती ग्राहकांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची वाढीव मुदत देऊ करण्यात आली. पण मुदत म्हणजे सुटका नव्हे. अशा यंत्रासाठी लिनक्सचा मार्ग आहे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रांवरही चालते, आणि तीत मराठी उत्तम लिहिता येते. मात्र ज्यांचे दुकानाचे हिशेब टॅलीवर आहेत त्यांनी उतावीळ होऊ नये. ती विंडोजसाठी बनविलेली आहे. बाकी पत्रे, ई-मेल, गाणी, मुलांचे निबंध यांस लिनक्स पुरून उरते. पहिले आठ दिवस घरात कुरकुर होते, हे खरे.

आणखी एका नव्या खुळाविषयी दोन शब्द. २०२४ पासून नव्या लॅपटॉपच्या कळफलकावर ‘कोपायलट’ नावाची एक वेगळी कळ दिसू लागली आहे. तिने कृत्रिम बुद्धीस हाक मारता येते. आम्ही पुष्कळांस विचारले. ही कळ मागितल्याचे कोणासही आठवत नाही. दुकानदार ‘एआय लॅपटॉप’ म्हणून चार पैसे अधिक सांगू लागला, तर त्यास शांतपणे विचारावे की, बाबा रे, यात रॅमची खाच आहे काय?

टाकलेली यंत्रे जातात कोठे? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन विद्युत् व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन मार्गी लागल्याची नोंद आहे. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले व उत्पादकांवर जबाबदारी घातली गेली. तरीही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत गरीब माणसे उघड्या हातांनी यंत्रे फोडून तांबे वेचीत आली आहेत, हे विसरता येत नाही.

जे घरी आहे त्याचे आयुष्य वाढविण्याचे उपाय थोडे आहेत व स्वस्त आहेत. जुन्या संगणकात फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवावी. जुन्या तबकडीस माहितीच्या एका तुकड्यापर्यंत पोचण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो, एसएसडीस त्याच्या शतांशाहूनही कमी. ज्या संगणकास उठण्यास चहा होईतोपर्यंत वेळ लागे, तो आधण येण्यापूर्वी तयार होतो. समुद्राकाठच्या लोकांनी खाऱ्या हवेचा आणि पावसाळ्यातील ओलीचा विचार करावा. लॅपटॉप महिनोन्‌महिने पेटीत कोंडून ठेवू नये, आणि वर्षातून एकदा पंख्यातील धूळ काढवून घ्यावी. लॅपटॉप तापतो, गुरगुरतो, मंद चालतो म्हणून नवा घेण्यास निघालेल्या मनुष्याला पुष्कळदा केवळ एका ब्रशाची गरज असते.

शेवटी बाजाराची एक वार्ता. जगातील बहुतेक रॅम सॅमसंग, एस. के. हायनिक्स व मायक्रॉन या तीन कंपन्या बनवितात. कृत्रिम बुद्धीच्या अवाढव्य केंद्रांकडे त्यांचा माल वळू लागल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती कितीतरी पटींनी चढल्या. आणि त्याच वर्षी डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रूशल’ या नावाने सामान्य ग्राहकांस माल विकण्याचा आपला सुमारे तीस वर्षांचा धंदा बंद करण्याचे जाहीर केले. म्हणून मेलेला संगणकही भंगारवाल्यास किलोवर देऊ नये. त्यातील रॅमची पट्टी दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपमध्ये, खाच असल्यास, बसू शकते. मात्र पिढी जुळली पाहिजे, डीडीआर३ची पट्टी डीडीआर४च्या खाचेत जाणार नाही, आणि जोर लावल्यास मोडेल.

हॉलच्या माळ्यावर चार जुने संगणक पडून आहेत. ते खाली काढण्यास पूज्य फादरांनी संमती दिली आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही काही मंडळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हॉलमध्ये बसणार आहोत. ज्यांच्या घरी बंद पडलेले किंवा मंद झालेले यंत्र असेल त्यांनी ते घेऊन यावे. प्रथम आपली कागदपत्रे व छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत, आणि चार्जर घरी विसरू नये.