इंग्रजीचा तास आणि गुरुजींचे मत



आम्ही काही पंडित नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. इंग्रजी शिकलो ते कारखान्याच्या नोटिशींवरून. एकदा अशाच एका इंग्रजी कागदावर आम्ही चाळीस जणांनी सह्या केल्या. जादा कामाचा हिशेब मिटल्याची ती पावती होती, हे पुढच्या पगाराला कळले. त्या महिन्यात आम्ही शब्दकोश विकत घेतला.

म्हणून इंग्रजी हवे की नको, हा वाद आमच्यापुरता मिटलेला आहे. ज्या भाषेत कामगाराची नोकरी जाते, ती भाषा त्याला आली पाहिजे. स्वातंत्र्यानंतर खेर मंत्रिमंडळाने पाचवी ते सातवीचे इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवले. हेतू मातृभाषेच्या मानाचा होता. परंतु ज्याला शिकवणी परवडत होती, त्याचे काय अडणार? अडले ते खेड्यातल्या पोराचे. २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणले.

आजचा प्रश्न त्यापुढचा आहे. भाषेच्या तासाला गुरुजींनी आपले राजकारण सांगावे काय? भाषा शिकवायची तर वाक्य लागते, आणि वाक्यात काहीतरी म्हणावेच लागते. ‘संपामुळे नुकसान झाले’ याचे इंग्रजी करा, असे सांगणारा मास्तर व्याकरणच शिकवतो. पण पोराच्या कानात व्याकरणाबरोबर आणखीही काही जाते.

दुसऱ्याचे दोष दाखवणे सोपे आहे, आमचा सांगतो. कुपवाडला आम्ही कामगारांसाठी रात्रीचा इंग्रजीचा वर्ग चालवला. धडे कोणते? आमच्याच संघटनेची पत्रके! तीन महिन्यांनी दुसऱ्या संघटनेतला एक तरुण येईनासा झाला. आम्ही त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, “अण्णा, तुमचं बरोबर हाय, एवढंच मला इंग्रजीत म्हणता येतंय. माझं म्हणणं मांडायचं इंग्रजी कवा शिकवणार?”

आम्ही निरुत्तर झालो. पुढल्या आठवड्यात आमच्याच पत्रकाला उत्तर लिहून आणा, असे वर्गाला सांगितले. त्याने मोडक्या इंग्रजीत लिहिले की, वर्गणीचा हिशेब दोन वर्षे सभासदांपुढे आलेला नाही. आम्ही त्याचे इंग्रजी सुधारले. हिशेबही मांडावा लागला.

जपानमध्ये १८९० सालच्या शिक्षणविषयक राजाज्ञेचे शाळाशाळांतून वाचन होई. १९४५ साली पराभव झाला, आणि त्याच मुलांना पाठ्यपुस्तकांतील ओळी शाईने काळ्या करायला लावले. काल जे पवित्र, ते आज पुसायचे. दोन्ही वेळा मुलाला विचारले कोणी नाही. पुढे १९४७ साली तेथील शिक्षकांनी संघटना उभारली आणि नंतर मुलांना पुन्हा रणांगणावर धाडणार नाही, अशी घोषणा केली.

आपल्याकडेही सत्तेचा हात शाळेपर्यंत पोचला आहे. १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी १९४८ साली सरकारवर टीका केली, तर संस्थेचे अनुदान थांबले. पुढे ते सुरू झाले. पण बोलले एक जण, आणि टांगणीला लागले ते वसतिगृहातले गरिबाचे पोर, हे साताऱ्या-सांगलीने विसरू नये.

तेव्हा शिक्षकाला मतच नसावे, असे आम्ही म्हणत नाही. मत नसलेला मनुष्य काय शिकवणार? त्याने मत जरूर बाळगावे, विचारले तर सांगावेही. परंतु मत पटले म्हणून गुण वाढू नयेत, पटले नाही म्हणून कापू नयेत; आणि त्याला उलट उत्तर देण्याइतकी भाषा प्रथम मुलाच्या हाती द्यावी.

तो तरुण आजही आमच्या विरुद्ध संघटनेत आहे. परवा कारखान्याच्या एका करारातील खोच त्यानेच प्रथम ओळखली आणि कागद घेऊन तो आमच्याकडे आला. वर्गाची फी आम्ही घेत नसू. ती त्या दिवशी पोचली.